तीस वर्षांनी एका घरात

शोभाबाई वर्ध्याच्या एका कापड दुकानदाराची मुलगी. नागपूरला राहून त्यांनी समाजकार्याची पदवी घेतली आणि १९८४ साली वर्ध्याच्या एका महिला मंडळानं सुरू केलेल्या कुटुंब सल्ला केंद्रात समुपदेशक म्हणून नोकरी धरली. हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी बसत नसे. दुकानात कोणी विचारलं की वडील म्हणत, ‘पोरगी सल्ला देते’, आणि गिऱ्हाईक ती वकील असेल असं समजून पुढचं कापड बघू लागे.

केंद्र म्हणजे मंडळाच्या इमारतीतल्या मागच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत लाकडी बाक, आतल्या खोलीत टेबल, खुर्च्या आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. येणाऱ्या बहुतेक तरुण बायका असायच्या. कोणाला नवऱ्यानं टाकलेलं, कोणाला सासरी मारहाण झालेली. शिवाय परीक्षा जवळ आल्या की आसपासच्या शाळा शोभाबाईंना बोलावत. अभ्यास करूनही ऐन वेळी घाबरून जाणारी मुलं प्रत्येक शाळेत असतात, आणि त्यांना रागावून काही होत नाही, हे काही मास्तरांना उमगलं होतं.

नाचणगावच्या नलूची ओळख अशीच झाली. दहावीत एकदा नापास झालेली, हुशार पण भित्री मुलगी. पेपर हातात आला की तिला सगळं अंधुक दिसायचं. शोभाबाईंनी तिला दर बुधवारी केंद्रात यायला सांगितलं. आई आजारी, वडील गिरणीच्या पाळीत, म्हणून शेजारच्या रुख्माबाई तिच्यासोबत यायच्या. नलू आत बोलत असताना त्या बाहेर बाकावर बसत. कधी पदरात मेथी घेऊन निवडत, कधी नुसत्याच डोळे मिटून. पन्नाशी ओलांडलेली, उन्हानं रापलेली, कमी बोलणारी बाई. जाताना शोभाबाईंना ‘येतो बाई’ एवढंच म्हणायच्या.

परीक्षा झाली. नलूचं येणं थांबलं. एप्रिलच्या एका बुधवारी शोभाबाईंनी दार उघडलं तर बाकावर रुख्माबाई एकट्याच बसलेल्या. नलू आली नाही का, असं त्यांनी विचारलं. पेपर चांगले गेले, आता तिचं काही काम नाही, असं रुख्माबाई म्हणाल्या.

“आज मी आली,” त्या म्हणाल्या. “मले आमच्या घरच्यायपासून वेगळं राहाचं हाय.”

‘घरचे’ म्हणजे नवरा, हे ओळखून शोभाबाईंनी त्यांना आत बसवलं. शिकताना पाठ केलेले प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारले. नवरा पितो का? नाही. हात उगारतो? कधीच नाही. बाहेर काही? रुख्माबाई त्यावर जरा हसल्या. माणूस सज्जन आहे, त्या म्हणाल्या. मग झालं काय, ते मात्र त्यांनी हळूहळू, आठवून आठवून सांगितलं.

त्यांचे यजमान वासुदेवराव रेल्वेत स्टेशनमास्तर होते. लग्नानंतर काही महिने रुख्माबाई त्यांच्यासोबत बैतूलच्या पलीकडे, घाटातल्या एका लहानशा स्टेशनवर राहिल्या. मग सासरे अचानक गेले. घरी सासू एकटी, शेत पडीक पडायची वेळ आली, म्हणून त्या नाचणगावला परतल्या आणि तिथंच राहिल्या. वासुदेवरावांची बदली या स्टेशनवरून त्या स्टेशनवर होत राहिली. ते पोळ्याला यायचे, दिवाळीला यायचे, पाहुण्यासारखे चार दिवस राहून परत जायचे. सासूचं आजारपण, लेकरांच्या शाळा, मुलाची नागपूरची नोकरी, मुलीचं, कोकिळेचं, हिंगणघाटला लग्न, सगळं रुख्माबाईंनी निभावलं. कपाशी कधी वेचायची, बैल कुठल्या बाजारातून आणायचे, हे त्याच ठरवत. कवडू नावाचा सालदार गडी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता.

मागच्या दिवाळीत वासुदेवराव रिटायर होऊन कायमचे घरी आले. गावानं हार घातले. पहिला आठवडा आनंदात गेला. मग त्यांनी घराकडे स्टेशनमास्तरच्या नजरेनं बघायला सुरुवात केली. चहा, जेवण, दिवाबत्ती, सगळं घड्याळावर. स्वयंपाकघरातले डबे त्यांनी उंचीप्रमाणे ओळीनं लावले, आणि रुख्माबाईंना अंधारातही हाताला लागणारं तिखट दिवसाढवळ्या सापडेना. शेतात कवडूला त्या एक काम सांगत, वासुदेवराव दुसरं. शेवटी कवडू कोणाचंच न करता बांधावर बसून राही.

हे सगळं रुख्माबाईंनी सोसलं. पण नलूची परीक्षा संपल्यावर त्या कोकिळेच्या दुसऱ्या बाळंतपणाला हिंगणघाटला गेल्या, आणि परत आल्या तर गोठा रिकामा होता. चंद्री म्हैस वासुदेवरावांनी देवळीच्या एका माणसाला विकून टाकली होती. लहान वगार असल्यापासून रुख्माबाईंनी वाढवलेली म्हैस.

“म्या इचारलं, चंद्री कुठी हाय? तं म्हने, इकली. जसं जुनं पोतं इकलं.”

“मग तुम्ही भांडलात?” शोभाबाईंनी विचारलं.

“नाई. भांडाले बी मानूस वळखीचा लागते. मी यायले वळखतच नाई, बाई. तीस वर्सं झाले, पन हा मानूस कसा हाय मले ठाऊक नाई.”

त्यांना फारकत नको होती, कोर्ट नको होतं. घराला पडवी होती. तिथं वासुदेवरावांनी वेगळी चूल मांडावी, आत त्या राहतील. लोकांत नवरा-बायको, घरात शेजारी. एवढंच त्यांना म्हणायचं होतं, आणि ते नवऱ्याला कसं सांगावं हे विचारायला त्या आल्या होत्या.

शोभाबाईंकडे अशी तक्रार आजवर आली नव्हती. सांत्वनाचं काहीतरी ओठावर आलं होतं, ते त्यांनी गिळलं आणि एवढंच विचारलं की वासुदेवरावांना मी एकदा भेटले तर चालेल का. रुख्माबाईंनी होकाराची मान हलवली. ते येणार नाहीत, असंही सांगितलं.

आणि ते आलेच नाहीत. केंद्रानं पाठवलेलं बोलावण्याचं पोस्टकार्ड मिळाल्यावर त्यांनी उत्तर दिलं नाही. उलट त्यांचे चुलतभाऊ अण्णाजी, जे एके काळी गावचे सरपंच होते, त्यांनी ते कार्ड पाहिलं आणि आपल्या घरच्या बाया आता वर्ध्याच्या आफिसात गाऱ्हाणी नेतात, असं पानठेल्यावर बोलून दाखवलं. वासुदेवरावांना ते फार लागलं. घरात जे थोडंफार बोलणं होतं तेही बंद झालं.

तेव्हा शोभाबाई स्वतःच निघाल्या. पॅसेंजरनं पुलगावला उतरून त्या नाचणगावात चालत गेल्या. रुख्माबाई शेतात होत्या. दार वासुदेवरावांनी उघडलं. पांढरा सदरा, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, चेहरा चौकशीला तयार असल्यासारखा. समोर आपल्या कोकिळेच्या वयाची मुलगी घामाघूम होऊन उभी आहे हे बघून ते जरा ओशाळले. तिला बसवून, पाणी देऊन, ते स्वतःच चहा करायला आत गेले.

चहा फार चांगला झाला होता. शोभाबाईंनी तसं म्हटल्यावर वासुदेवराव खुलले. लहान स्टेशनवर ना हॉटेल ना खानावळ, त्यामुळे तीस वर्षं ते हातानंच रांधून खात होते. रूळ बदलणाऱ्या एका पॉइंट्समनकडून दाल-बाटी शिकले, एका गार्डकडून मटणाचा रस्सा. पण या घरात त्यांनी चुलीकडे पाऊल टाकलं की बायामाणसं तोंडाला पदर लावून हसायची.

मग ते बोलतच राहिले. गाडी यायची तेव्हा तिथली सगळी माणसं त्यांच्या तोंडाकडे बघायची. रात्री-बेरात्री कोणी आजारी पडलं तर त्यांनाच उठवायची. आणि इथं?

“इथं मले टाइमावर रोटी भेटते, इज्जत भेटते,” ते म्हणाले. “पन कोनी काही इचारत नाई. समदं पैलेच ठरलेलं राह्यते. मी इथं पाव्हना हाय, ताई. पाव्हना किती दिस राहीन?”

म्हशीचा विषय शोभाबाईंनी शेवटी काढला.  दूध काढून उठताना रुख्माबाई गोठ्यातल्या मेढीचा खांब धरतात, दात आवळतात, हे वासुदेवरावांनी रोज पाहिलं होतं. तिचे गुडघे गेले आहेत. दोन माणसांना म्हैस लागते कशाला? त्यांना वाटलं, ओझं कमी होईल.

“हे तुम्ही त्यांना सांगितलं, काकाजी?”

“त्यात सांगाचं काय?”

शोभाबाईंना क्षणभर वाटलं, असंच उठावं, शेतात जावं आणि रुख्माबाईंच्या कानावर हे घालावं. पण ते आपल्या तोंडून गेलं तर त्याची किंमत राहणार नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी फक्त पुढच्या बुधवारी दोघांनी वर्ध्याला यावं, असं सुचवलं. केस म्हणून नको, चहाला या. एवढा चांगला चहा मात्र मला जमत नाही, हेही सांगून टाकलं.

बुधवारी दोघं आले, पण वेगवेगळे. रुख्माबाई एसटीनं, वासुदेवराव रेल्वेनं. शोभाबाईंनी एकच नियम घातला. एक जण बोलेल तेव्हा दुसऱ्यानं मधे बोलायचं नाही. वासुदेवरावांनी सुरुवात केली ती वरच्या साहेबाला अहवाल द्यावा तशी. मेढ, गुडघे, म्हैस, देवळीचा माणूस. बोलताना ते भिंतीकडे बघत होते. रुख्माबाईंनी मान वर केली.

“माहे गुडघे दुखते हे तुमाले कोनं सांगतलं?”

“दिसते ना.”

रुख्माबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण कसं उठतो, कसं बसतो हे त्या घरात कोणाला दिसतं, असं त्यांना वाटलंच नव्हतं. पण राग काही लगेच गेला नाही. दिसलं तर विचारायचं होतं, म्हैस गेल्यानं गुडघे बरे होतात का, असं त्या म्हणाल्या आणि मग चंद्रीसाठी मनसोक्त रडल्या. वासुदेवराव कावरेबावरे झाले. मी तिला परत आणतो, असं ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले.

रडणं थांबल्यावर शोभाबाईंनी सहज विचारलं की इतकी वर्षं तुम्ही एकमेकांना काय कळवत होता. दर महिन्याला पोस्टकार्ड यायचं-जायचं. इकडे सर्व खुशाल, तिकडची खुशाली कळवावी. एवढंच.

बोलता बोलता निघालं की ज्या साली विहिरीची एक बाजू ढासळली आणि रुख्माबाईंनी भर उन्हाळ्यात गावातली माणसं गोळा करून ती बांधून घेतली, त्याच साली वासुदेवराव काविळीनं महिनाभर अंथरुणाला खिळून होते. पॉइंट्समनच्या बायकोनं त्यांना पेज भरवली होती. कार्डं मात्र दोन्हीकडून खुशालीचीच गेली होती.

“काऊन नाई लिवलं?” रुख्माबाईंनी विचारलं.

“तू कामात राह्यची. अजून एक घोर कायले?”

“मले बी तसंच वाटे. तुमी तिथी एकटे.”

 दोघं पहिल्यांदाच शोभाबाईंकडे न बघता एकमेकांशी बोलत होते. निघताना त्यांनी दोघांना एक काम दिलं. रोज संध्याकाळी जेवणं झाल्यावर एकमेकांना अशी एक गोष्ट सांगायची, जी दुसऱ्याला ठाऊक नाही. मोठी असो, लहान असो. सल्ला द्यायचा नाही, चूक काढायची नाही. त्या दिवशी वासुदेवरावांनी रुख्माबाईंचंही तिकीट काढलं आणि दोघं एकाच गाडीनं पुलगावला उतरले.

म्हैस काही परत आली नाही. वासुदेवराव देवळीला गेले, पण त्या माणसाच्या घरी लहान नातवंडं होती आणि त्यानं हात जोडून नाही म्हटलं. वासुदेवरावांनी घरी येऊन जसं घडलं तसं सांगितलं. रुख्माबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुढं कधीतरी म्हणाल्या, पोरं दूध पितात ना, पिऊ द्या. पण यापुढं विचारत जा.

त्यावर वासुदेवरावांनी इतकं विचारायला सुरुवात केली की त्या वैतागल्या. खिडकी उघडू का, कंदील पुसू का, बाहेर जाऊन येऊ का. जूनमध्ये त्या पुन्हा केंद्रात एकट्याच आल्या आणि हे काही जमत नाही म्हणाल्या. पेरणीच्या ऐन दिवसात वासुदेवरावांनी कवडूला सिमेंट आणायला पुलगावला पिटाळलं होतं, आणि ते मात्र न विचारता.

शोभाबाईंनाही त्या दिवशी वाटलं की आपल्या हातून काही झालं नाही. मंडळाच्या अध्यक्ष सुलोचनाबाई जुन्या, अनुभवी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की आधी ही बाई भांडतही नव्हती, आता रागावून का होईना बोलते आहे. तेव्हा घाई करू नको.

पुढच्या भेटीत शोभाबाईंनी दोघांना विचारलं, घरातलं काय सोडता येणार नाही आणि काय सोडलं तर बरंच वाटेल. रुख्माबाईंचं उत्तर तयार होतं. शेत आणि कवडू त्यांचे. तिथं दुसऱ्याचा हुकूम नको. काय सोडाल, यावर त्या संध्याकाळची चूल म्हणाल्या. दिवसभर शेतात राबून आल्यावर पुन्हा चुलीपुढं बसायचा त्यांना मनापासून कंटाळा होता. कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

वासुदेवराव खुर्चीत ताठ बसले. “मंग संध्याकायचा सैपाक माहा,” ते म्हणाले. “पन डबे मी लावीन तसे राह्यतीन.”

“सकायी मी माह्या हिशेबानं लावीन.”

“लाव ना. मी पुन्हा लावीन.”

तिघंही हसले. डब्यांचा तंटा पुढं मिटलाच नाही, पण त्याचं कोणाला काही वाटेनासं झालं. वासुदेवराव चुलीपाशी बसले की रुख्माबाई बाहेर पडवीत पाय लांब करून गुडघ्याला तेल चोळत, आणि मधल्या उघड्या दारातून गोष्टी चालत. अण्णाजींनी एकदा भाऊ कणीक मळताना पाहिला. ते काहीतरी टाकून बोलले, पण बाटीचा वास सुटल्यावर जेवायला थांबले, आणि पुढं दर आठवड्याला थांबू लागले. पानठेल्यावरचं बोलणं आपोआप बंद झालं. मधल्या काळात नलू पास झाली. पेढे द्यायला ती केंद्रात आली तेव्हा गणिताचे गुण सांगताना तिचा आवाज जराही कापला नाही.

त्या संध्याकाळच्या गोष्टींतच एकदा रुख्माबाईंनी घाटातल्या स्टेशनचा विषय काढला. लग्नानंतरचे ते महिने त्यांना आयुष्यात सगळ्यात आवडले होते. वासुदेवरावांना हे खरंच वाटेना. तिथं तर तू वाघाला भिऊन रात्रभर जागायचीस, असं ते म्हणाले. भीत होते, पण आवडत होतं, असं त्यांनी सांगितलं. मग स्वतःच म्हणाल्या, मला ते स्टेशन पुन्हा बघायचं आहे.

रिटायर झालेल्या माणसाला रेल्वेचा फुकट पास मिळतो. वासुदेवरावांनी तो एकदाही वापरला नव्हता, जायचं कुठं आणि कोणाबरोबर, म्हणून. पोळा झाल्यावर, शेतात जरा सवड असताना, कवडूवर घर सोपवून दोघं निघाले.

परतल्यावरच्या बुधवारी रुख्माबाई ती सगळी हकीकत सांगायला केंद्रात आल्या. त्यांना एवढं बोलताना शोभाबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. घाट हिरवागार होता. स्टेशन तेवढंच लहान. नवा मास्तर कोवळा पोरगा; जुने मास्तर आले म्हणून त्यानं फलाटावर खुर्च्या मांडल्या. त्यांच्या क्वार्टरात आता सामान ठेवतात. चूल कुठं होती यावरून दोघांचा वाद झाला, आणि तिथं जुन्या काळापासून असलेल्या म्हाताऱ्या कामगारानं रुख्माबाईंची बाजू घेतली. दुपारी वासुदेवरावांनी त्या पोराला विचारून, सिग्नल कसा पडतो, गाडी कशी घेतात, हे त्यांना समजावून सांगितलं. नवऱ्याचं काम काय होतं, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“हुशार मानूस हाय,” त्या म्हणाल्या. “घरी दिसत नाई तसं.”

शोभाबाईंनी हसून विचारलं की आता पडवीतल्या वेगळ्या चुलीचं काय. रुख्माबाईंनी हातानंच तो विषय उडवून लावला. मग त्यांनीच उलटा प्रश्न केला.

“एक इचारू, बाई? समदे तुमच्यापाशी येऊन बोलतात. तुमी कोनापाशी बोलता?”

 शोभाबाईंनी सांगितलं. अमरावतीचं एक स्थळ आलं होतं. माणसं चांगली, पण लग्नानंतर नोकरी सोडावी ही त्यांची अट होती. वडिलांना स्थळ पसंत होतं. शोभाबाईंना अट मान्य नव्हती, आणि वडिलांचं मन मोडू नये म्हणून त्या गप्प होत्या. रुख्माबाईंनी सगळं ऐकून घेतलं. सल्ला काही दिला नाही.

“घरी सांगतलं?” एवढंच त्यांनी विचारलं.

“नाही.”

“सांगून पाहा.”

बाहेर बाकावर वासुदेवराव बाजाराची पिशवी घेऊन बसले होते. गाडीची वेळ झाली, असं त्यांनी दारातून सांगितलं. दोघं स्टेशनकडे निघाले.

त्या रविवारी दुकान बंद असताना शोभाबाई वडिलांजवळ बसल्या आणि बोलल्या. वडील ऐकता ऐकता कापडाचे तागे उगाच सरळ करत राहिले. नंतर त्यांनी अमरावतीला नकार कळवला, आणि पुढच्या वर्षी जे स्थळ आलं त्याला पहिल्या भेटीतच सांगून टाकलं की मुलगी नोकरी करते आणि करत राहील. त्या माणसानं, काम नेमकं काय असतं, असं कुतूहलानं विचारलं. वडिलांना ते नीट सांगता येईना. म्हणून त्यांनी शोभाबाईंना बाहेर बोलावलं, आणि त्या स्वतःच त्याच्यासमोर बसून सांगू लागल्या.